कवठी घाटावर मुक्काम

सातांपैकी चार टापू मोजून झाले होते.
नदीसुरयांची घरटी एकशे बारा,
अंडी वेगळ्या रकान्यात.
तेवढ्यात पवनीच्या अंगाला आभाळ
पिकल्या जांभळासारखं झालं
आणि सुकाणूवर बसलेल्या फागोजी डहाऱ्यांनी
इंजिन थोडं हळू करून वारा हुंगला.
"वावधन येऊन राह्यलं. गुमान कवठीले लागू."

दुपारपर्यंत धरणाचं पाणी नुसतं पाणी होतं.
आता त्याला पाठ आली, खांदे आले.
शर्वाणी बादलीत ओकली, मी वही पोटाशी धरली.
मुंडलेकाका मात्र खुशीत.
दक्षिणेच्या टोकाला, जिथं माणूसच राहत नाही
अशा बेटांवर जहाजानं जाऊन आलेले ते.
म्हणाले, "चला, बंदर आलं."
"बंदर?" फागोजी वळले.
"कवठीत लंगूर हायेत साहेब, बंदर नाई."
आम्ही हसलो, आणि पहिली गार टपावर फुटली.

घाट म्हणजे बुडालेल्या रस्त्याचं शेपूट.
डांबर सरळ पाण्यात उतरतं, परत येत नाही.
दोर मैलाच्या दगडाला बांधला :
पवनी २१.
आता कुठल्याच वाटेनं एकवीस नाही.

सायत्राबाईंच्या टपरीत आम्ही नऊ जण, एक शेळी,
वर टिनाचं छत. बोललेलं काही ऐकू येईना.
फळीवर तिनं कप पालथे मांडले होते.
मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून.
मग अंधारातून एक डोंगा आला,
दोघं भिजलेले आत आले,
तिनं दोन कप उलटे केले, चहा ओतला.
पुन्हा एक डोंगा. पुन्हा एक कप.
त्यानंतर बराच वेळ काही नाही.

मी सांगत होते, की या गारांनी
उरलेले तीन टापू गेले,
उघड्या वाळूवर अंडी, त्यांना काय आडोसा,
तीन वर्षांची आकडेवारी,
आता अहवालात काय लिहायचं.
ती ऐकत होती. नजर फळीवर.
एक कप पालथा होता.

"कोणाचा?"
"लोमेशचा. सातव्याकडं जारं टाकाले गेला."
आणि तिनं शेळीला जरा आत ओढलं.

रात्री वारा पडला. कोणी झोपलं नाही,
मुंडलेकाकासुद्धा.
जहाजावर वादळात माणसं पत्ते खेळतात, म्हणाले,
आणि मग गप्प झाले.

उजाडताना पाण्यावर एक काळी रेघ.
रेघेला वल्हं फुटलं.
सायत्राबाई उठली नाही. स्टोव्हला पंप मारत राहिली,
नको इतका.

एकोणीस वर्षांचा पोरगा, पिंढऱ्यांवर गारांचे वळ.
सातव्या टापूवर डोंगा उलटा घालून
खाली रात्रभर पडला होता.
पाय बाहेर राहिले, म्हणाला, डोंगा आखूड.
मी घाईनं विचारलं, लाज वाटावी इतक्या घाईनं :
"आणि पक्षी?"
"बसून होते."
"गारांत?"
"गारांत. माह्या हातभरावर एक होता.
मान आत घेऊन. उठला नाई.
मंग मीबी नाई उठलो."
"किती होते? अंदाजे?"
त्यानं गरम कप दोन्ही हातांत धरला.
"मोजले नाई बा. होते तेवढे होते."

पेन्सिल ओली, कागद ओला.
सातव्या रकान्यात मी तसंच लिहिलं,
त्याच्याच शब्दांत. वरचे खोडतील, खोडोत.

निघताना काकांनी खिशातली छोटी वही काढली.
तिच्यात दूरदूरच्या बंदरांचे शिक्के,
एकावर पेंग्विन, एकावर नांगर.
"इथला शिक्का असतो का काही?"
सायत्राबाईला प्रश्न कळला नाही.
पान कोरं दिसलं म्हणून
लोमेशचा रिकामा कप तिनं
त्यावर ठेवला,
आणि शेळी सोडायला बाहेर गेली.